हरळी नंबर सोळा आणि गुडगावचा उन्हाळा

दिल्लीहून परत येऊन आता तीन आठवडे होत आले. भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनार बसच्या खिडकीतून पाहिला, तोही अर्धाच. खरं म्हणजे मी दिल्लीला जाऊन गवताचा एक चौकोनी तुकडा पाहिला, आणि तोही माझा नव्हता. एवढं सांगितलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो. म्हणून म्हटलं, एकदाच बसून सगळं लिहून टाकावं.

मी शेतकी विद्यापीठात गवताची पैदास करतो. माझ्या बरोबरीच्यांनी ज्वारी केली, कापूस केला, त्यांचे सत्कार झाले, गावोगाव त्यांच्या वाणांची नावं लोकांच्या तोंडी बसली. माझ्या वाट्याला आली हिरवळ, म्हणजे बंगल्यापुढची, शाळेच्या मैदानातली, दवाखान्याच्या आवारातली. त्यातही मी धरली हरळी. आमच्या वडिलांचा सगळा जन्म शेतातली हरळी खणून काढण्यात गेला. घरात एखादा पाहुणा आला आणि जाईचना, तर आई त्याला हळूच हरळीची मुळी म्हणायची. त्याच हरळीवर मुलगा पगार घेतो हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका पडक्या बंधाऱ्याच्या दगडांत मला हरळीचा एक पुंजका मिळाला. त्या साली आजूबाजूला काहीच जगलेलं नव्हतं. त्याची मी रोपं केली, इतर जातींशी संकर केला, शेकड्यांनी टाकून दिली, आणि शेवटी एक उरली ती नंबर सोळा. तिचा गुण असा की पाणी तुटलं की ती मरत नाही, निजते. पाती वाळतात, रंग गव्हाच्या काडासारखा होतो, पायाखाली कुरकुर वाजते. कोणीही शपथेवर सांगेल की संपली. मग दोनदा पाणी द्यायचं आणि आठ दिवस थांबायचं, की सगळं परत हिरवं. शहरं वाढताहेत, जो तो बंगल्यापुढे हिरवळ मागतो आणि प्यायला पाणी नाही, अशा दिवसांत हे गवत उपयोगाचं आहे असं मला अजूनही वाटतं.

वाणाला मान्यता मिळायची तर तीन ठिकाणचे अहवाल लागतात. पहिली चाचणी आमच्याच आवारात झाली, दुसरी मराठवाड्यात. दोन्ही चांगल्या गेल्या. तिसरी राज्याबाहेर हवी होती, आणि समितीने सुचवली दिल्ली, कारण तिथल्या लूमध्ये, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्यात, जे टिकेल ते कुठेही टिकेल. मी येत्या मार्चात निवृत्त होतोय. माझ्यामागे हे गवत सांभाळायला कोणी तयार नाही. तिसरा अहवाल चांगला आला तर सोळा नंबरला नाव मिळणार आणि ती रोपवाटिकांत जाणार. नाही आला तर काम बंद, आणि आमच्या आवारातल्या वाफ्यांवर नांगर. म्हणजे अकरा वर्षांचा निकाल गुडगावच्या एका वसाहतीत, खोलीएवढ्या तुकड्यात लागायचा होता.

फेब्रुवारीत मी स्वतः गवताच्या लाद्या गोणपाटात बांधून तिकडे नेल्या होत्या. नवी वसाहत होती, बांधकाम चालू होतं. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याबरोबर दोन दिवस उकिडवा बसून मी त्या लावल्या. व्यवस्थापकांच्या हातात सूचनांचे तीन टाइप केलेले इंग्रजी कागद दिले. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी द्यायचं, मग मी जूनमध्ये येईपर्यंत एक थेंब नाही. मधल्या काळात दोन पत्रं पाठवली. दोन्हींना उत्तर आलं की सगळं उत्तम आहे, निश्चिंत असावं. मी निश्चिंत राहिलो.

आर. के. पुरम

गाडी सहा तास उशिरा पोचली, एवढंच प्रवासाबद्दल सांगण्यासारखं आहे. मी उतरलो माझ्या भाचीकडे, सुमेधाकडे. तिचा नवरा अनिल केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, त्यांना पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं सरकारी घर आहे. खाली ओडिशाचे लोक, समोर तमिळ, वर गढवाली. जिन्यातून चढताना तीन राज्यांच्या फोडण्या लागतात.

खिडकीत कूलर होता आणि त्याला वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. आपण वाळ्याची एक जुडी पिण्याच्या माठात टाकतो आणि तेवढ्यात धन्य होतो, इथे भिंतभर वाळा भिजवून त्यातली हवा खातात. वास आजोळचा आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. मी त्याच्यापुढे बसलो तो तासभर उठलोच नाही. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे ऊन होतं. वय झालं की थकवा प्रवासाचा येतो की पोचल्याचा, ते कळेनासं होतं.

सुमेधाने फालशाचं सरबत दिलं. फालसा म्हणजे करवंदाचा धाकटा भाऊ समजा, आंबट-तुरट, रंगाने जांभळा. जेवायला आमटी होती, पण भाजी दुधीची, कारण उन्हाळ्यात इथे दुधी आणि टिंडे, म्हणजे आपली ढेमशी, सोडून दुसरं मिळत नाही अशी तिची तक्रार. तिची मुलगी मुक्ता आठवीत आहे. मी कशासाठी आलो हे आईने सांगितल्यावर तिने विचारलं, "हरळी मतलब?" सुमेधा म्हणाली, "दूब गं." मग मुलीला कळलं. गणपतीला दूर्वा वाहते, घरामागे दूब तुडवते, पण हरळी हा शब्द तिने ऐकलाच नव्हता. शेतातून ती उपटायची वेळच आली नाही, मग शब्द तरी कशाला लागणार. मला वाईट वाटायला हवं होतं, पण झोप आली होती.

गुडगाव

दुसऱ्या दिवशी सकाळीच धौला कुआंहून बस धरली. दिल्ली संपते आणि गुडगाव लागतं त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अजून शेतं आहेत, पण शेतांत पिकापेक्षा फलक जास्त. वसाहतींची नावं सगळी इंग्रजीत आणि सगळी बागेची, वनाची, हिरवळीची. सावलीला उभं राहावं म्हटलं तर किकरीची, म्हणजे बाभळीच्या जातीची, काटेरी झाडं. मधेच काचेची एखादी इमारत उभी, तिच्या पायथ्याशी म्हशी बसलेल्या. आमच्या पुण्याच्या कडेलाही हे सुरू झालंय, पण आमच्याकडे जरा लाजतकाजत. इथे लाज वगैरे नाही.

व्यवस्थापक सभरवालसाहेब फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत, आणि स्वभावाने इतके अगत्यशील की माणूस अवघडतो. त्यांनी आधी ताक पाजलं, मग समोसे, मग पुन्हा ताक. मला कधी एकदा वाफा बघतो असं झालं होतं. शेवटी ते उठले आणि नमुन्याच्या फ्लॅटपुढे मला घेऊन गेले. रविवारी गिऱ्हाइकं येतात ती हाच फ्लॅट बघून पैसे भरतात. त्याच्या दाराशीच माझा तुकडा होता.

तो हिरवागार होता.

खोटं सांगत नाही, पहिला क्षणभर मला आनंद झाला. अकरा वर्षांनी माणूस इतका भाबडा होऊ शकतो. मग डोकं चालायला लागलं. दोन महिने पाणी नाही, लू वाहतेय, तर हे हिरवं असूच शकत नाही. खाली बसलो. पातं रुंद, बोथट टोकाचं, पेरं आखूड. ते नर्सरीतलं साधं, पाणी ढोसणारं गवत होतं. हात लावला तर माती ओली.

मी विचारलं, माझं गवत कुठाय? साहेब जरा संकोचले. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि सांगताना त्यांना काही लपवावंसं वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशेबी त्यांनी माझ्यावर उपकार केला होता. मे संपता संपता माझं गवत जळालं. अगदी पेंढा झालं. गिऱ्हाइकं विचारू लागली. तरी त्यांनी कळ काढली, कारण कागदावर लिहिलं होतं पाणी द्यायचं नाही. पण मी येणार असं पत्र आलं तेव्हा त्यांच्या मनाला लागलं. एवढा म्हातारा शास्त्रज्ञ लांबून येणार आणि त्याला त्याचं मेलेलं गवत दाखवायचं? म्हणून नऊ दिवसांपूर्वी त्यांनी ते खणून काढायला लावलं, स्वतःच्या खिशातून नव्या गवताच्या लाद्या आणवल्या, रोज टँकर लावला.

"आप मेहमान हैं," ते म्हणाले. "मेहमान को हम मुर्दा चीज़ दिखाएँ, ये हमारे यहाँ नहीं होता."

आपल्याकडेही पाहुणा यायचा म्हटलं की फाटकी सतरंजी आत जाते. मी म्हटलं, ते मेलेलं नव्हतं, निजलेलं होतं. उन्हाळ्यात ते तसंच होतं, तेच तर बघायला मी आलोय. माझ्या तीन पानी कागदात दुसऱ्या पानावर हे लिहिलं होतं, पण लिहिलं होतं शास्त्रातल्या शब्दांत, मधल्या एका परिच्छेदात, आकड्यांच्या शेजारी. साहेबांनी पाणी देऊ नये हे वाचलं आणि बाकी फाइलला लावलं. कोणीही हेच केलं असतं.

मेजरसाहेबांचा चेहरा उतरला. मग फौजेतल्या माणसाला सुचतं ते त्यांना सुचलं, दोषी शोधायचा. त्यांनी माळ्याला हाक मारली. माळी रामसजीवन, बुंदेलखंडातल्या बांद्याकडचा, साठीच्या आसपासचा. तोच, ज्याच्याबरोबर मी फेब्रुवारीत लाद्या लावल्या होत्या. साहेबांनी त्याला सुनावलं की इतकी वर्षं माळी आहेस आणि तुला मेलेलं आणि जिवंत कळत नाही, उद्यापासून येऊ नकोस. रामसजीवन मान खाली घालून उभा राहिला. मी मध्ये पडलो, म्हटलं आज काही ठरवू नका. साहेब म्हणाले, ठीक आहे, उद्या तुमच्या अहवालाच्या फॉर्मवर सही करताना बघू.

साहेब आत गेल्यावर मी त्याला विचारलं, मध्ये पाणी दिलं होतं का? त्याला वाटलं मी आरोप करतोय. तो म्हणाला, सात आठवडे एक थेंब जाऊ दिला नाही. टँकरवाला नळी नेताना तिथून ओढत नेई तर त्याच्याशी भांडण केलं. स्वतः हात धुतले तर ते पाणीसुद्धा लांब जाऊन टाकलं. "आँखों के सामने सूखती रही, साहब. पर आपका हुकुम था."

म्हणजे चाचणी झाली होती. अगदी हवी तशी झाली होती. माझ्या विद्यापीठातली माणसंही इतकी काटेकोर नाहीत. फक्त शेवटचे नऊ दिवस हातातून गेले.

सरोजिनी नगर

त्या संध्याकाळी खरं तर मला पडून राहायचं होतं. पण घरून यादी होती, आणि सुमेधाला वाटलं बाजारात नेलं की मामांचं मन रमेल. सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी पाठवायचे आणि कुठे तरी एखादा टाका चुकल्यामुळे मागे राहिलेले कपडे ढिगांनी विकतात. एका खाटेवर ढीग, त्यावर चढून उभा राहिलेला विक्रेता, भोवती बायका हात घालताहेत. आपल्याकडे दुकानदार गादीवर बसून एकेक घडी उलगडून दाखवतो, इथे ज्याने त्याने उकरायचं. सुमेधाने हिंदीत अशी काही घासाघीस केली की मी तिला लहानपणापासून ओळखतो यावर माझा विश्वास बसेना. गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार दिसेपर्यंत मी एक पाय फरफटत चाललो आणि मला वाटलं, हे ठीकच झालं, आता बाहेरून आणि आतून सारखंच दिसतंय.

बाजाराच्या तोंडाशी अनिल ऑफिसातून येऊन भेटला. आम्ही उभ्याने आलू टिक्की खाल्ली. त्याला सगळं सांगितलं. तो सरळ, सज्जन माणूस आहे, वीस वर्षं फाइलींत घालवलेली. त्याने मला समजावलं की गोष्ट अवघड नाहीच. जागेवर हिरवं गवत आहे. व्यवस्थापक सही करायला तयार आहे. फॉर्मवर लिहायचं, वाढ उत्तम, टिकाव उत्तम. पाहायला कोण येणार? "आणि मामा, तुमचं गवत चांगलंच आहे ना? मग खोटं काय त्यात? जे झालं असतं तेच लिहायचं, बस."

मला ते पटलं. लाजायचं कशाला, त्या संध्याकाळी मला ते शंभर टक्के पटलं. गवत चांगलं होतं, आणखी नऊ दिवस मिळाले असते तर ते सिद्ध झालं असतं, आणि थकलेल्या माणसाला तेवढं पुरतं. घरी येताना मी मनातल्या मनात रकाने भरतही होतो. एकच गोष्ट खुपत होती. मेलेल्यातून जिवंत वेगळं करणं हेच माझं अकरा वर्षांचं काम, आणि ते गवत त्या दिवशी खरंच जिवंत होतं की नाही हे मी स्वतः पाहिलेलं नव्हतं.

मानेसर

सकाळी वसाहतीत पोचलो आणि रामसजीवनला विचारलं, उपटलेलं कुठे टाकलं? तो म्हणाला, मलब्याच्या, म्हणजे राडारोड्याच्या, ट्रॉलीत गेलं. आणि मलबा मानेसरच्या बाजूला एका खड्ड्यात जातो, तिथे कारखान्यासाठी भर घालताहेत. मी म्हटलं, चल. त्याला वाटलं साहेबाचं डोकं फिरलं, पण तो आला.

आम्ही वाटून घ्यायच्या टेम्पोत बसलो. त्यात आधीच गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यातले कामगार कोंबलेले होते, सगळे निळ्या शर्टातले, कंपनीची बस चुकलेले. रस्त्यात सूर्यफुलासारखं पिवळं काही दिसलं म्हणून मी वाकून पाहिलं तर ते बुलडोझर होते. रामसजीवनची भीती मला कळत होती. साठीच्या माणसाला नवं काम कोण देणार?

खड्डा म्हणजे दोन शेतांएवढी खोल जागा, विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या, फरशा. सावली नाव घ्यायला नाही. दोन तास आम्ही ढिगांवरून फिरलो. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा रामसजीवनने आपला गमछा भिजवून माझ्या डोक्यावर टाकला आणि एका पाइपाच्या सावलीत बसवलं. फडक्यातून त्याने सातूचं पीठ काढलं, मीठ, कांदा, हिरवी मिरची, बाटलीतलं पाणी घालून गोळा केला आणि अर्धा मला दिला. आपल्याकडेही मेटकूट आहे, सातू आहे, पण उन्हात पोटाला असा थंडावा देणारं काही मी खाल्लेलं नाही. पाणी त्याच्याकडे एकच बाटली होती, त्यातलं जास्त मला मिळालं.

खाता खाता त्यालाच ते दिसलं. फरशांच्या ढिगाखाली एक कोपरा, पेंढ्याच्या रंगाचा. आम्ही दोघांनी फरशा बाजूला केल्या. माझ्या लाद्या होत्या, मातीसकट, विस्कटलेल्या, नऊ दिवस उन्हात पडलेल्या. वरच्या खरंच गेल्या होत्या, हातात घेताच भुगा झाला. मी खालच्या उलटवल्या. एक आडवा दांडा घेतला, नखाने खरवडला. आत पांढरं निघालं, ओलसर. दुसरा घेतला, तोही पांढरा. तिसरा, चौथा. मी मोजत गेलो आणि मध्येच मोजायचं सोडून दिलं, कारण डोळे भरून आले होते आणि नख नीट दिसत नव्हतं.

रामसजीवन बघत होता. मी त्याच्या हातात एक दांडा दिला आणि म्हटलं, खरवड. त्याने अंगठ्याचं नख चालवलं. बघितलं. मग दुसरा घेऊन बघितलं. मग तो हळूच खाली बसला.

"ये तो साँस ले रही है, साहब."

मी म्हटलं, हो. दोनदा पाणी दिलं असतं तर आठ दिवसांत उठली असती.

तो त्या लादीवरची माती हाताने सारखी करत राहिला. मग म्हणाला, "तो मैंने ज़िंदा उखाड़ दी." आणि थोड्या वेळाने, मला नाही, त्या लादीकडे बघून, "किसी ने बताया होता."

फेब्रुवारीतले दोन दिवस माझ्यापुढे उभे राहिले. आम्ही शेजारी शेजारी बसून लाद्या लावल्या. त्याने आपल्या गावच्या आंब्याच्या बागेबद्दल सांगितलं, मी माझ्या गुडघ्यांबद्दल. चार वेळा चहा झाला. त्या दोन दिवसांत मी एकदा जरी म्हटलं असतं की बाबा रे, ही उन्हाळ्यात निजते, घाबरू नकोस, नखाने खरवडून बघ, तर त्याने मेजरसाहेबांच्या पुढे आडवं पडून ते गवत वाचवलं असतं. आमच्या आवारात काम करणाऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक आहे, त्या मला न विचारता नख लावून बघतात. पण त्यांनाही मी कधी सांगितलेलं नाही. त्या वर्षानुवर्षं बघून शिकल्या, आणि मी धरून चाललो की हे सगळ्यांना माहीतच असतं. जे सांगायला एक वाक्य पुरलं असतं ते मी तीन पानं इंग्रजीत टाइप करून साहेबाच्या हातात दिलं. शिकलेल्या माणसाची सवय, दुसरं काय!

मला त्या ढिगावर इतकं थकल्यासारखं झालं की उठवेना. आम्ही जिवंत दांड्यांची एक पिशवी भरली. चाचणी म्हणून तिची किंमत शून्य, कारण वाफा नाही, मोजमाप नाही, साक्षीला फक्त एक माळी. पण तिथे टाकून येववलं नाही.

पुन्हा गुडगाव

मेजरसाहेबांच्या केबिनमध्ये एअरकंडिशनर चालू होता. मी फॉर्म काढला. रामसजीवन दारातच उभा राहिला, पायातलं बाहेर काढून. साहेबांनी मला फार मायेने सांगितलं की मी हवं ते लिहावं, ते सही करतील. हिरवळ बाहेर आहेच. आणि तसं लिहायचं नसेल तर माळ्याच्या हलगर्जीपणामुळे वाफा नष्ट झाला असं लिहावं, मग समितीही समजून घेईल आणि एखादेवेळी दुसरं वर्ष देईल. त्यांच्या मते माळी तसाही जाणारच होता.

ते खरं होतं. समितीची रीत मला माहीत आहे. जागेवरच्या माणसाच्या चुकीने चाचणी बिघडली तर ती पुन्हा घेता येते. चाचणी घेणाऱ्याच्याच चुकीने बिघडली आणि तो निवृत्तीला आलेला असेल, तर फाइल मिटते. बाहेरचं गवत चांगलं म्हणून लिहावं तर ते माझं नव्हतं, त्याचं कौतुक माझ्या नंबरवर लावणं माझ्याच्याने होईना. आदल्या संध्याकाळी मी ते करणार होतो, पण नखाखाली अजून ती माती होती.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, चाचणी अयशस्वी झाल्यास कारण. मी लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाटलं, या वेळी तरी दारातल्या माणसाला सांगावं, म्हणून मी ते हिंदीत वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की गवत उन्हाळ्यात निजतं ही गोष्ट माळ्याला समजेल अशी सांगितली गेली नाही, दिलेल्या सगळ्या सूचना माळ्याने तंतोतंत पाळल्या, चूक माझी. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही.

मेजरसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग ते रामसजीवनकडे न बघता म्हणाले की बाहेरच्या नव्या गवताला संध्याकाळचं पाणी राहिलंय. म्हणजे नोकरी राहिली. मला हायसं वाटलं, पण आनंद वगैरे काही झाला नाही. माझे अकरा उन्हाळे त्या एका कागदात संपले होते आणि ते मला स्पष्ट कळत होतं. त्यानंतर इकडे जे झालं तेही सांगून टाकतो. समितीची बैठक गेल्या आठवड्यात झाली, दहा मिनिटं चालली, आणि काम बंद करायचं ठरलं.

रामसजीवन लगेच गेला नाही. तो केबिनच्या बाहेर माझी वाट बघत थांबला. मी बाहेर येताच त्याने माझी पिशवी हातात घेतली आणि बसथांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. बस येताना दिसली तेव्हा त्याला राहवेना.

"साहब, कागज़ पर अपना नाम मत रखिए. गर्मी लिख दीजिए. गर्मी का कोई क्या बिगाड़ लेगा?"

माझ्या काळजीने म्हणत होता. त्याला वाटत होतं, ज्याला शिक्षा होऊच शकत नाही अशाच्या माथी मारावं आणि दोघांनी मोकळं व्हावं. शहाणा माणूस हेच करतो. मी त्याला म्हटलं, नाही रे बाबा, उन्हाने गेलं असं लिहिलं तर दोष गवताला लागेल, आणि तू, मी आणि ते गवत, आपल्या तिघांत चोख काम केलं ते तुम्ही दोघांनीच.